प्रश्नचिन्हांतला पूर्णविराम

१

छापखान्याचा माणूस बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता, त्याचा चहाही पिऊन झाला होता, आणि आत साहेब पडद्याकडे बघत नुसते उभे होते. खुर्चीत बसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

पडद्यावर प्रश्नचिन्हं होती. पहिल्या ओळीत प्रश्नचिन्हं, दुसऱ्या ओळीत प्रश्नचिन्हं, पान खाली सरकवावं तर तिथेही तीच. मधूनच एखादा स्वल्पविराम, एखादी रिकामी जागा, की पुन्हा प्रश्नचिन्हांची रांग सुरू. काल संध्याकाळी याच जागी एक अख्खं पुस्तक होतं.

साहेब म्हणजे या प्रकाशनाचे मालक. पुस्तकांच्या दुकानावरच्या माडीवर तीन खोल्या, खोलीत एक असे एकमेकांना जोडलेले तीन संगणक, आणि छताला टेकलेली कपाटं, एवढा त्यांचा संसार. माणूस मनाने चांगला, पण डोकं तापलं की समोर कोण आहे हे बघायचा नाही.

पुस्तक काकांचं होतं. काकांनी उभा जन्म दीपगृहात दिवा राखण्यात घालवला. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली आणि मग ते बोलायला लागले. कार्यालयातल्या ताई त्यांच्या घरी जायच्या, काका सांगायचे, ताई टंकायच्या. बोलणं टिपून घेणारं यंत्र समोर ठेवलं की काकांची दातखीळ बसायची, म्हणून ते कधी वापरलंच नाही. वाक्य पुरं झालं की काका खुर्चीच्या हातावर बोटाने टक्‌ करायचे. तो त्यांचा पूर्णविराम. शेवटचं प्रकरण सांगून झालं आणि थोड्याच दिवसांत पक्षाघाताने त्यांची वाचा नेली. आता ते पुस्तक या फाईलखेरीज जगात कुठेही नव्हतं. काका अंथरुणावरून त्याची वाट बघत होते, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की फार वाट बघायला लावू नये. "पुस्तक तुमच्या हातात ठेवतो," असा शब्द साहेबांनी त्यांचा हात धरून दिला होता.

दुसरी प्रत होती, नाही असं नाही. रोज रात्री एका वेगळ्या डबीत सगळ्या फायलींची आपोआप नक्कल व्हायची. त्या डबीनेही आदल्या रात्रीची नक्कल पुसून इमानदारीने प्रश्नचिन्हंच उतरवून घेतली होती.

कालची संध्याकाळ साहेबांना लख्ख आठवत होती. या घरातून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा पूर्णविराम मालक स्वतःच्या हाताने देतो, ही त्यांच्या वडिलांची रीत. वडील शिशाचे खिळे जुळवून छापायचे, तेव्हा शेवटचा खिळा तेच बसवायचे. म्हणून ताई शेवटचं वाक्य नेहमी उघडं सोडायच्या. काल साहेबांनी आपल्या खोलीत बसून काकांचं शेवटचं पान वाचलं, डोळे पुसले, पूर्णविराम दिला, जतन केलं आणि समाधानाने घरी गेले. तेव्हा अक्षरन्‌ अक्षर जागच्या जागी होतं. म्हणजे जे काही झालं ते त्यानंतर झालं.

"ताई!" साहेब गरजले.

ताई दारातच उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"साहेब, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल," त्या हळूच म्हणाल्या.

"असेल? असेल म्हणजे काय? त्या माणसाला मी काय तोंड दाखवू? उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

ताईंनी आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळाने आतून टंकण्याचा आवाज यायला लागला.

२

साहेबांचं घोडं अडलं की ते एकाच माणसाला फोन करायचे. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. रुग्णालयांच्या, बँकांच्या जुन्या यंत्रांत अडकलेल्या नोंदी नव्या यंत्रांत सुखरूप आणून सोडायच्या, यात त्यांचे केस पिकले होते. बोलणं तिखट आणि नजर त्याहून तिखट. साहेब बाहेर वाघ असले तरी वहिनींपुढे आजही धाकटे दीरच होते.

"भाऊजी, आधी बसा बघू," वहिनी आल्या आल्या म्हणाल्या. "आणि त्या छापखान्याच्या माणसाला आणखी एक चहा सांगा. तो जायला नको."

त्यांनी ताईंच्या संगणकावर ती फाईल उघडली आणि पहिल्या प्रकरणाच्या मथळ्यावर बोट ठेवलं. तिथे तीन प्रश्नचिन्हं होती.

"या प्रकरणाचं नाव काय होतं?"

"वात," ताई म्हणाल्या.

"व, काना, त. यंत्र काना वेगळा धरतं, म्हणजे तीन. बरोबर तीन." वहिनींनी मान डोलावली. "भाऊजी, नीट ऐका, मग डोकं तापवा. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचं त्याच्याजवळ कोष्टक असतं. फाईल वाचताना एक कोष्टक लागतं आणि लिहिताना एक. दोन्ही आपण निवडायची असतात, वेगवेगळी. वाचताना चुकीचं कोष्टक लावलं तर पडद्यावर नुसता पालापाचोळा दिसतो, पण आतले आकडे शाबूत असतात. कोष्टक बदललं की अक्षरं परत येतात."

"मग बदला ना लवकर!"

"थांबा. हा पालापाचोळा नाही. ही प्रश्नचिन्हं आहेत. लिहिताना ज्या कोष्टकात आपली अक्षरंच नाहीत असं कोष्टक कुणी निवडलं, तर यंत्र काय करणार बिचारं? ज्या अक्षराला जागा नाही तिथे ते प्रश्नचिन्ह ठेवून मोकळं होतं. मूळ आकडे गेले. या फाईलमधून मी काही परत आणू शकत नाही, कुणीच आणू शकत नाही."

साहेबांच्या पायाखालची वाळू सरकली. ताईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

"पण एक गोष्ट पक्की," वहिनी पुढे म्हणाल्या. "एका अक्षराला एकच प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे ज्याने हे केलं त्याच्या यंत्राला फाईल वाचता येत होती. त्याच्या पडद्यावर शेवटच्या क्षणापर्यंत काकांचं पुस्तक धडधडीत दिसत होतं."

"म्हणजे मुद्दाम?" साहेब उसळले.

वहिनी ताईंकडे वळल्या. "ताई, एक शब्द टंका, जतन करा, बंद करा आणि परत उघडा."

ताईंनी 'दिवा' लिहिलं, फाईल मिटली, उघडली. दिवा जिथल्या तिथे होता.

"तुमच्या यंत्राची दोन्ही कोष्टकं बरोबर आहेत. मग चूक तुमची, असं का सांगितलंत?"

ताईंनी मान खाली घातली. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात दुसरी एक फाईल उघडी होती. तिच्यात त्या सकाळपासून पहिलं प्रकरण आठवून आठवून पुन्हा टंकत होत्या. वहिनींनी ते वाचलं, आणि त्या ताईंकडे जरा वेळ बघतच राहिल्या.

"काल संध्याकाळी साहेब गेल्यावर इथे कोण होतं?" त्यांनी आवाज मऊ करून विचारलं.

"काकांचा पुतण्या आला होता," ताई म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत बसला होता. एकटाच."

३

पुतण्याला निरोप धाडला. तो येईपर्यंत वहिनी तिसऱ्या खोलीत शिरल्या.

तिथे मुखपृष्ठं आणि पानांची मांडणी करणारा बसायचा. त्याला सगळे रंगारी म्हणत. त्याच्या टेबलावर रंगांच्या बाटल्या, अर्धे कापलेले कागद, कधीकाळचे कप आणि एक मोजा होता. दुसरा मोजा कुठे गेला हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मला विचारूच नका," रंगारी आधीच फुरंगटला होता. "काल दुपारी ताईंनी मला फाईलची प्रत आणून दिली, मांडणी सुरू कर म्हणाल्या. उघडून बघतो तर काय, सगळा कचरा! टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, तुटकी चिन्हं, काही विचारू नका. मी म्हटलं, ही काय चेष्टा आहे? बोललो ताईंना चार शब्द. त्या म्हणाल्या, उद्या बघू."

"प्रश्नचिन्हं नव्हती?"

"प्रश्नचिन्हं कुठली? कचरा होता."

वहिनींचे डोळे चमकले. "आणि त्या फाईलचं काय केलंस? जतन केलीस?"

"जतन कशाला करू? कचरा तो कचरापेटीत टाकला."

"अहो, म्हणजे हाही सुटला!" वहिनी साहेबांना म्हणाल्या. "याच्या यंत्राला वाचायचं कोष्टकच चुकीचं लावलंय. त्याला आपल्या एकेका अक्षराची तीन-तीन तुटकी चिन्हं दिसतात. याने फाईल बिघडवली असती तर 'वात'ची नऊ प्रश्नचिन्हं झाली असती, तीन नाही." मग त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "बाळा, ती संगणकातली कचरापेटी तू रिकामी केलीस का?"

रंगारी डोकं खाजवायला लागला.

४

"वहिनी," रंगारी शेवटी म्हणाला, "मी खरी कचरापेटी रिकामी करत नाही, ती कशाला करीन?"

साहेबांनी त्या मोज्याकडे बघितलं. या माणसाच्या गबाळेपणावर त्यांनी आजवर किती तोंड वाजवलं होतं! आज त्याला मिठी मारावीशी वाटली.

वहिनींनी फाईल पेटीतून बाहेर काढली. उघडली तेव्हा पडद्यावर खरंच पालापाचोळा होता. त्यांनी टंकायच्या प्रणालीतल्या यादीतून वाचायचं कोष्टक बदललं आणि फाईल नव्याने वाचायला सांगितली. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि मग तिथे काका बोलायला लागले.

'वात. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा वात कापायला शिकवली तेव्हा समुद्र शांत होता.'

ताईंना हुंदका आवरला नाही. रंगारी तोंड वळवून रंगांच्या बाटल्या सरळ करू लागला, हे काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. साहेब वहिनींकडे बघत राहिले. एवढी मोठी जादू करून ही बाई चष्मा पुसत बसली होती. जगात अशी माणसं आहेत म्हणून आपल्यासारख्यांचं निभावतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

वहिनी मात्र फाईलच्या तळाशी गेल्या. त्यांनी शेवटची ओळ वाचली. मग ताईंच्या खोलीत जाऊन प्रश्नचिन्हांच्या फाईलची शेवटची ओळ बघितली. परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"भाऊजी, पुस्तक मिळालं. आता एवढ्यावर थांबायचं का?"

"थांबायचं कसं? एवढं मोठं पाप कुणी केलं ते कळायलाच हवं!"

"बघा हं," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पुतण्या आत आला.

पुतण्या चांगला धिप्पाड होता, पण बसला तो अंग चोरून. काय घडलं हे त्याला सांगितलं तेव्हा तो आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी पुसायलाच आलो होतो," तो एकदम म्हणाला. "खोटं कशाला बोलू? काका ताईंना सांगत होते तेव्हा मी दाराआडून अर्धंमुर्धं ऐकलं, त्यांनी एका प्रकरणात माझ्या वडिलांचं लिहिलंय. एका वादळात माझे वडील पहाऱ्यावर होते आणि त्यांना झोप लागली, दिवा विझला. ते जगाला कशाला सांगायचं? ताईंना म्हटलं, मला जरा वाचू द्या. त्या चहा करायला गेल्या. मी फाईल उघडली, तर सगळी प्रश्नचिन्हं. मला वाटलं, माझ्यासारख्यांनी वाचू नये म्हणून कुलूप लावलंय. तसाच निघून गेलो."

"वा रे वा!" साहेब कडाडले. "पुसायला आला होतास आणि आधीच पुसलेलं मिळालं? कुणाला सांगतोस? वहिनी, हाच तो!"

"एक प्रकरण पुसायला आलेला माणूस सगळं पुस्तक कशाला बुडवेल?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आणि तो बसला होता ताईंच्या यंत्रावर. ते अक्षरं खात नाही, आत्ताच बघितलं आपण."

"मग उरलं कोण?"

वहिनींनी ताईंकडे बघितलं. ताईंनी घाईघाईने मान हलवली, जणू काही बोलू नका म्हणून विनवत होत्या. साहेबांनी ते पाहिलं.

५

"भाऊजी, तुमच्या खोलीत चला," वहिनी म्हणाल्या.

साहेबांचा संगणक जुना होता, पण त्यांच्या हाताला बसलेला. त्यावरची टंकायची प्रणालीही जुनीच. काकांच्या आधीची सगळी पुस्तकं जुन्या पद्धतीच्या टंकात व्हायची. त्यात इंग्रजी अक्षरांवरच आपल्या अक्षरांचे मुखवटे चढवलेले असत. काकांचं पुस्तक हे या घरातलं नव्या कोष्टकातलं पहिलंच.

"हे नवं पुस्तक तुमच्या यंत्रावर दिसायला लागलं कसं?" वहिनींनी विचारलं.

"आधी दिसत नव्हतं. दुरुस्तीवाला येऊन काहीतरी करून गेला. अक्षरं दिसायला लागली तसा मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. तो आणखी काहीतरी खुडबुड करणार होता, मी म्हटलं, दिसतंय ना, बस्स झालं."

"बरं. बसा. 'दिवा' लिहा आणि जतन करा."

साहेबांनी दोन बोटांनी 'दिवा' लिहिलं. जतनाची कळ दाबली. पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली, आणि तिच्यातली ओळ कुणी वाचायच्या आत साहेबांचं बोट 'हो'वर पडलंही होतं.

"काय विचारलं त्याने?" वहिनी म्हणाल्या.

"कोण जाणे. दर वेळी काहीतरी विचारतंच ते. मी हो म्हणतो."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"दिवा. दिसतोय की चांगला."

"आता मिटा आणि परत उघडा."

साहेबांनी फाईल मिटली. उघडली. पडद्यावर चार प्रश्नचिन्हं होती.

खाली दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक हसत होतं.

"दुरुस्तीवाल्याने वाचायचं कोष्टक नवं लावलं," वहिनी सावकाश म्हणाल्या. "लिहायचं जुनंच राहिलं. जुन्या पुस्तकांना ते चालायचं, कारण मुखवट्याखाली सगळी इंग्रजी अक्षरंच होती. त्या चौकटीत यंत्र विचारत होतं, की काही अक्षरं जपता येणार नाहीत, तरी पुढे जाऊ का? पडद्यावर जे दिसतं ते यंत्राच्या डोक्यात असतं, भाऊजी. फाईलमध्ये काय उतरलं ते मिटून उघडल्यावरच कळतं. तुम्ही डोळे पुसून घरी गेलात."

"पण मीच कशावरून?" साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. उत्तर त्यांना समोर दिसतच होतं.

"पूर्णविरामावरून. तो जुन्या कोष्टकातही असतो, म्हणून तो मरत नाही. रंगाऱ्याकडची प्रत कालच्या दुपारची. तिच्यात शेवटचं वाक्य उघडं आहे. प्रश्नचिन्हांच्या फाईलमध्ये शेवटी पूर्णविराम आहे. ज्याने तो दिला त्यानेच त्याच जतनात बाकीचं सगळं घालवलं. ताईंचं यंत्र निर्दोष, रंगाऱ्याचं असतं तर नऊ चिन्हं झाली असती, म्हणजे तुमच्यानंतर बिघडवणारं कुणी उरतच नाही."

साहेब ताईंकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"काल हा मुलगा गेल्यावर फाईल बघितली," ताई म्हणाल्या. "शेवटी पूर्णविराम दिसला आणि काळजात धस्स झालं."

"मग सकाळी मी तुम्हाला नाही नाही ते बोललो, तेव्हा तोंडावर का नाही सांगितलंत?"

"तुमच्या वडिलांची रीत आहे ती, साहेब. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही परत कुठल्या पुस्तकाला हात लावला नसता. मला वाटलं, आठवेल तेवढं मीच पुन्हा लिहून काढीन. काकांचं बोलणं माझ्या कानात आहे अजून."

ज्या बाईला आपण सकाळी दार दाखवलं, ती आपली लाज झाकायला एक अख्खं पुस्तक डोक्यातून उपसून काढत बसली होती. लोक थोरामोठ्यांच्या पाया पडायला लांब लांब जातात आणि आपल्याच माडीवर शेजारच्या खोलीत कोण बसतं हे आपल्याला माहीत नव्हतं, असं साहेबांना वाटलं, आणि ते वाटल्याबरोबर त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले.

"ताई, मी चुकलो. साफ चुकलो. उद्यापासून या, रोज या, आणि माझं काही चुकलं तर तोंडावर सांगा."

"तेवढं जमायला वेळ लागेल," ताई म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या.

६

छापखान्याचा माणूस चहा पिऊन पिऊन कंटाळला होता. "आणखी जरा थांबा," असं त्याला सांगून सगळे काकांच्या घरी गेले. पुतण्याही आला, मागे मागे.

काका उशांना टेकून बसले होते. वहिनींनी छोटा संगणक ताईंच्या मांडीवर ठेवला. फाईल उघडताना त्यांनी वाचायचं कोष्टक बघितलं, लिहायचं बघितलं, आणि साहेबांनाही वाकून दोन्ही बघायला लावलं.

"काका, शेवटचं पान वाचते," ताई म्हणाल्या.

वादळाच्या रात्रीवरच ते पुस्तक संपत होतं. दिवा विझला होता, धाकटा भाऊ झोपेत होता, आणि काकांनी त्याला न उठवता अंधारात जिना चढून दिवा पुन्हा पेटवला होता. ताईंनी शेवटचं वाक्य वाचलं, 'सकाळी त्याने विचारलं, रात्री काही झालं का, आणि मी म्हटलं, काही नाही, तुला छान झोप लागली होती'.

पुतण्या भिंतीला टेकून खाली बसला. पुसायचं म्हणून तो जे शोधत होता, ते पान त्याने कधी वाचलंच नव्हतं.

ताई थांबल्या. वाक्य उघडं होतं. त्यांनी सवयीने साहेबांकडे बघितलं आणि संगणक त्यांच्यापुढे सरकवायला लागल्या. साहेबांनी मान हलवली आणि काकांच्या अंथरुणावरच्या हाताकडे बोट दाखवलं.

काकांचा उजवा हात निर्जीव पडलेला होता. डावा थोडासा हलला. बोट वर उचललं गेलं, हवेत थरथरत राहिलं, आणि पलंगाच्या लाकडी कडेवर येऊन पडलं. टक्‌.

ताईंनी पूर्णविराम दिला आणि जतनाची कळ दाबली. साहेब कुठे चौकट उगवते का, हे डोळ्यांत तेल घालून बघत होते. काही उगवलं नाही. तरीही त्यांनी फाईल मिटायला लावली, परत उघडायला लावली, आणि पहिला शब्द स्वतः मोठ्याने वाचला.

"वात."

काका हसले. मग त्यांनी बोट पुन्हा उचललं आणि पलंगावर आपटलं, म्हणजे पुढे वाचा.